उशाखालची पुडी

चार्जर पलंगामागं पडला, एवढंच निमित्त झालं. देवानंद वारघडे फरशीवर पालथा पडला होता, गाल गार लादीला टेकलेला, हात खांद्यापर्यंत पलंगाखाली, आणि मनातल्या मनात तो त्या हॉटेलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. आता कारणं काय कमी होती? काल संध्याकाळी ठाण्याहून गाडी हाणत जव्हारला पोचल्यापासून एक गोष्ट धड मिळाली असेल तर शपथ. फोटोत खिडकीबाहेर दरी होती. प्रत्यक्षात खिडकी उघडली तर पुढ्यात जनरेटर, आणि त्याच्यावर कुणाचा तरी वाळत घातलेला बनियन. गीझरचा लाल दिवा मोठ्या इमानदारीनं लागायचा, पाणी मात्र डिसेंबरातलं, हाडं फोडणारं. खोलीत माणसं दोन, टॉवेल एक. फोनवर नऊ दाबलं की पलीकडून "हां सर, पाठवतो सर" असा मधाळ आवाज यायचा आणि नंतर कुणी फिरकायचं नाही. आणि हे सगळं कुठं, तर चेनच्या हॉटेलात! याच नावाची पाटी ठाण्यात हायवेला आहे, तिथं कचेरीचं ट्रेनिंग झालं होतं, तिथल्या कडक इस्त्रीच्या चादरी आणि नाश्त्याचे सतरा प्रकार त्यानं डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून तर तो बायकोला छातीठोकपणे म्हणाला होता, "अगं, चेनचं आहे. हे लोक सगळीकडे सारखंच देतात." बायकोनं, म्हणजे वर्षानं, त्यातलं एक अक्षरही त्याला परत ऐकवलं नाही, हे तिचं मोठेपण, पण तिच्या गप्प बसण्यानंच तो जास्त चिडला. खरं तर चिडायचं कारण वेगळंच होतं आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सूर्यमाळचं आपलं घर इथून दीड तासावर, थोरली बहीण जामसरला दिलेली, ते तर त्याहून कितीतरी जवळ, आणि आपण सहलीला आलेल्या लोकांसारखे इथं उतरलो. कुणाला कळवलं नाही. साधा फोन केला नाही. घरी संडास नाही, वर्षाचं कसं व्हायचं, हे एक कारण हाताशी होतं. ते खरंही होतं. पण खऱ्या कारणाच्या आडोशाला माणूस काय काय लपवून ठेवतो, काही विचारू नका.

तर बोटांना वायर लागली, आणि वायरीच्या जरा पुढं, बरोबर त्याच्या उशीखाली येईल अशा जागी, आणखी काहीतरी लागलं. कोरडं, खरखरीत. त्यानं ते ओढून उजेडात आणलं. पळसाच्या पानाची पुडी होती, काळ्या दोऱ्यानं बांधलेली. दोऱ्याला गाठी. त्यानं त्या मोजल्या नाहीत, पण सात असणार हे त्याच्या पोटाला आधीच कळलं होतं. पान एका बाजूनं फाटलं होतं, तिथून कोळशाचा तुकडा डोकावत होता, नागलीचे चार-पाच दाणे लादीवर सांडले, आणि आत एक गंजका खिळा. "मिळाला का हो?" वर्षानं आरशासमोरून विचारलं. ती भिवंडीकडची, मास्तरांची मुलगी, स्वतः शाळेत विज्ञान शिकवणारी. तिनं वळून पाहिलं आणि नाक मुरडलं. "शी! पलंगाखाली झाडतसुद्धा नाहीत का हे? टाका ते डब्यात आणि हात धुवा साबणानं." डब्यात! तिला काय, पान दिसलं, कोळसा दिसला, कचरा दिसला. ठाण्यातल्या कुठल्याही माणसाला तेवढंच दिसलं असतं. आणि देवानंद, ज्यानं बी. कॉम. केलं, खात्याच्या परीक्षा दिल्या, अंधश्रद्धेविरुद्धचं परिपत्रक ज्यानं कचेरीत टेबलाटेबलावर फिरवून सह्या घेतल्या, त्याला ते उचलून डब्यात टाकवेना. हातच उचलेना. बोटं पँटीला पुसत तो तसाच खाली बसून राहिला. म्हणजे रात्रभर आपण याच्यावर डोकं ठेवून झोपलो. सकाळी उठलो तेव्हा मान अवघडलेली होती ती यानंच का? छे, काहीतरीच, उशी उंच होती. पण मग उजवीकडूनच का अवघडली, पुडी उजवीकडेच होती ना? आपण येणार हे कळलं कुणाला? कुणाच्या डोळ्यांत खुपतो आपण? या प्रश्नांची त्याला लाज वाटत होती आणि तरी ते एकामागून एक येत होते, आणि वर्षा आरशात बघून केसांना चाप लावत होती.

तो नऊ वर्षांचा असताना अशीच पुडी निघाली होती. सूर्यमाळच्या त्यांच्या पाड्यावर, मंगळूच्या गोठ्यात, गव्हाणीखाली. मंगळूनं नुकताच बाजारातून बैल आणलेला, बैलानं तीन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही, चौथ्या दिवशी आडवा झाला. कुणीतरी गव्हाण हलवली तर खाली पान, काळा दोरा, सात गाठी, कोळसा. पाड्यावरचे सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले. ते हळू बोलणं देवानंदच्या अंगात अजून बसलंय. कचेरीत दोन माणसं कोपऱ्यात कुजबुजली तरी त्याच्या तळहाताला घाम फुटतो. "गोठ्याकडं कुणाला पाहिला का रं?" असं पोरांना विचारलं गेलं, आणि देवा म्हणाला, "पोशीआजी आलती." खरं होतं ते. पोशीची शेळी सुटली होती, ती शोधायला ती तिकडं गेली होती. शेळीचंही तो सांगणार होता, पण पुढचं कुणी ऐकलंच नाही. मंगळूनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो त्यानं पुरवून पुरवून चोखला, आणि चोखता चोखता पाहिलं की पोशीला केसांना धरून अंगणात आणलंय. एवढी तोंडाळ म्हातारी, पण एक शब्द बोलली नाही, नुसती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. भुताळी, करणी करणारी बाई. हा शब्द त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं ऐकला. त्याच आठवड्यात पोशी कुठंतरी निघून गेली. कुणी म्हणे खोडाळ्याच्या बाजारात भीक मागताना दिसली, कुणी म्हणे मेली. पुढच्या होळीला पोरांनी तिचं झोपडं लाकडांसाठी मोडलं, त्यात देवाही होता, एक वासा त्यानं एकट्यानं ओढत आणला होता. त्याची आई नवशी मात्र गुळाच्या त्या दिवसानंतर महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि पाठ फिरवायची. का, ते त्याला तेव्हा कळलं नाही, मोठेपणी विचारायचं राहिलं, आणि आता विचारायला आई नाही.

शांतपणे बोलायचं, स्वच्छतेची तक्रार करायची, बस्स, असं ठरवून तो पुडी रुमालात गुंडाळून खाली उतरला. काउंटरवर भावेश होता, मॅनेजर, वापीकडून आलेला तरुण, गळ्यात टाय. "गुड मॉर्निंग सर, नाश्ता झाला का?" तो म्हणाला. देवानंदनं रुमाल काउंटरवर उघडला. भावेशनं वाकून पाहिलं, पेनाच्या टोकानं पान जरा उलटंपालटं केलं. "सॉरी हं सर. थोडा कचरा राहिला असेल. सांगतो मी हाउसकीपिंगला." तो कचरा म्हणाला मात्र, आणि कालपासूनचा गीझर, टॉवेल, जनरेटर, फोनवरचं ते मधाळ "हां सर", सगळं देवानंदच्या डोक्यात एकदम चढलं, आणि त्याच्या खालून, कितीतरी खालून, आणखी काहीतरी वर आलं. "कचरा?" तो ओरडला. "कळतं का तुम्हाला काही? करणी आहे ही, करणी! भुताळी कामाला ठेवलीय तुम्ही हॉटेलात!" बोलता बोलताच त्याला आपला आवाज ऐकू आला. तो कचेरीतला, नियमावर बोट ठेवणारा आवाज नव्हता. तो मंगळूच्या अंगणातला होता. चहाचा ट्रे घेऊन निघालेली फागी जागच्या जागी थिजली. दारातला वॉचमन गौतम खुर्चीवरून उठला. दोघंही इथलीच, जामसरच्या आसपासच्या पाड्यांवरची. भावेशला त्या शब्दाचा पत्ता नव्हता. या दोघांना तो पुरता कळला होता. फागीनं ट्रे तसाच काउंटरवर ठेवला.

"दोनशे चार काल कोणी लावली?" भावेशनं विचारलं. "माझी नाय ड्युटी," फागी घाईघाईनं म्हणाली. "सोमीची. सोमीनंच मागून घेतली ती खोली, म्हणली दोनशे चार मीच लावणार." आणि मग, कुणी न विचारता, "पान घेऊन वर जाताना मी पाहिला तिला." खरं होतं तेही. देवानंदनं दचकून फागीकडे पाहिलं. सोमी? असेल, या भागात घरटी एक सोमी असते. त्यानं स्वतःला असं समजावलं खरं, पण जिन्यावरून बादलीची कडी वाजत खाली आली तेव्हा त्यानं मान वर केली नाही. आधी पाय दिसले. टाचा भेगाळलेल्या, डाव्या अंगठ्याचं नख लहानपणी जात्याखाली सापडून काळं पडलेलं. ते बोट सापडलं तेव्हा तो तिथंच होता, तिच्यापेक्षा जास्त तोच रडला होता. वर हॉटेलचा तपकिरी एप्रन, पदर कमरेला खोचलेला, हातात लादी पुसायचं फडकं. नवऱ्याच्या दिवसांना पाहिली होती त्यानं तिला, दोन वर्षांपूर्वी, आणि मग फोनवर दिवाळीला. तिनं काउंटरवरचा रुमाल पाहिला, उघडी पडलेली पुडी पाहिली, फागीचं तोंड पाहिलं. मग देवानंदकडे पाहिलं, एकदाच, आणि भावेशला म्हणाली, "बोलवला, सर?"

"हे तू ठेवलंस? सरांच्या बेडखाली?" "हां. मीच." "का?" सोमी गप्प. देवानंदला कळत होतं ती का गप्प आहे. ती त्याच्यासाठी जागा सोडून उभी होती. इस्त्रीच्या शर्टातला साहेब भाऊ, समोर मॅनेजर, आणि आपण फडकं घेऊन. नातं सांगायचं की नाही ते त्यानं ठरवावं, म्हणून ती थांबली होती. एवढं साधं वाक्य, ही माझी बहीण. तीन शब्द. ते त्याला उच्चारता येईनात, याचा त्याला इतका धक्का बसला की तो स्वतःकडेच बघत राहिला, दुसऱ्या कुणाकडे बघावं तसा. "सर, तुम्ही काळजी करू नका," भावेश म्हणत होता, "आजच हिला काढून टाकतो. सोमी, एप्रन दे." सोमीनं पाठीमागची गाठ सोडायला हात मागं नेले. इतक्यात जिन्यावरून आवाज आला. "अय्या, सोमीताई? तुम्ही इथे?" वर्षा होती. जेमतेम तीनदा भेटलेली, पण तिनं ओळखलं. "मॅडम, तुम्ही ओळखता?" भावेशनं गोंधळून विचारलं. "ओळखता काय? यांची सख्खी बहीण आहे ती!" वर्षा म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून हसायला लागली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली.

भावेशची सुटका झाली. घरचीच भानगड म्हटल्यावर तो हसला, एप्रन राहू दे म्हणाला, सगळ्यांना चहा सांगितला. पण चहा घेऊन फागी काही फिरकली नाही, आणि गौतम फाटकाबाहेर जाऊन मोबाइल कानाला लावून उभा होता. हॉटेलच्या मागं, चादरी वाळत घातल्या होत्या तिथं सोमी बादली बाजूला ठेवून बसली. देवानंद आणि वर्षा तिच्या मागोमाग आले होते. "बाय," देवानंद म्हणाला. "माझं चुकलं गं. मला काय माहीत..." "तुला कसा माहीत असंल?" ती शांतपणे म्हणाली. "बाप्यांना सांगायचा नसतो. साहेबानं काल नावं वाचली, देवानंद वारघडे, ठाणा. म्हणला, आजची पार्टी. मी कुणाला बोलली नाय. तुझी बायको संगं, बहीण लादी पुसते कशाला दाखवायचा? पण नव्या जागी तुझी पयली झोप. आय ठेवायची ना. तू आश्रमशाळेत गेला तवा ठेवली, ठाण्याला गेला तवा पयल्या राती संगं येऊन तुझ्या वळकटीत घातली. नवी जागा बाधू नये. आन् सकाळी माणूस उठायच्या आत काढून घ्यायची. मी सात वाजताच आली रे. तर तुमच्या दाराला ती लाल पाटी. मला वाचता येत नाय, पण लाल पाटी म्हणजे आत जायचा नाय, एवढा शिकवलाय आमाला." ती पाटी वर्षानं अडकवली होती, निवांत झोपू म्हणून. वर्षा तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

देवानंदच्या मनात एक प्रश्न वर आला, आणि तो विचारू नये असं वाटत असतानाच त्यानं विचारला. "बाय, मग मंगळूच्या गोठ्यातली?" सोमीनं त्याच्याकडे पाहिलं. वाऱ्यानं चादर तिच्या तोंडावर आली, ती तिनं बाजूला केली. "ती आयनं ठेवली होती. मंगळूच्या बायकोनंच सांगितला होता तिला, बैल नवा आणलाय, ठेव म्हणून. बैल खाईना म्हणून मंगळू गोठ्यातच बसून, काढता आली नाय. सगळ्या बायांना ठावं होतं." "सगळ्यांना?" "सगळ्यांना." "आणि कुणी बोललं नाही?" "कोण बोलंल?" सोमी म्हणाली. "जी बोलंल ती पोशीच्या जागी उभी. आय गप बसली. मी पण तिथंच होती, तेरा वर्सांची. मी पण गप." आई त्याच्याशी महिनाभर का बोलली नाही ते त्याला आता कळलं, आणि कळलं ते वेगळंच होतं. इतकी वर्षं त्याला वाटायचं की ती त्याच्यावर रागावली होती. ती त्याला घाबरली होती! नऊ वर्षांच्या पोराला, त्याच्या तोंडाला. आणि आज, पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, सरकारी नोकर, आपण पुन्हा तेच तोंड उघडलं होतं. "नोकरीचा काय नाय रे," सोमी म्हणाली. "ती गेली तर दुसरी. पण तो शब्द गेला ना आता पाड्यावर. गौतम आमच्याच पाड्याचा. आन् काळ्या, माझा दीर, दादला गेला तवापासून म्हणतोच हाय काय काय. भावाला खाल्ला म्हणतो. खालचा भाताच्या शेताचा तुकडा त्याला पायजे. एकटी बाई मी. त्याला एवढाच पायजे होता, कुणीतरी शिकलेल्या माणसानं बोलायचा." ती उठली, फडकं बादलीत पिळलं. "चल. तू बोलला, तर तूच येऊन सांग. तुझ्या तोंडानं."

जामसरचा पाडा अर्ध्या तासाचा रस्ता. वर्षा मागं बसली, सोमी पुढं. देवानंद मनात वाक्यं जुळवत होता. सगळं सांगायचं. माझी चूक झाली, ती पुडी रक्षणाची असते, आमच्या आईची रीत आहे ती, करणीबिरणी काही नसतं. घाटाच्या प्रत्येक वळणाला त्याला वाटलं, वेळ आहे अजून, आपण पोचेपर्यंत कदाचित काहीच झालं नसेल. भात झोडून झालं होतं, अंगणाअंगणात पेंढा रचलेला. सोमीच्या अंगणात मात्र माणसं आधीच जमली होती, उन्हाला बसल्यासारखी, पण सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. काळ्या पेंढ्याच्या गंजीला टेकून उभा होता. देवानंद बोलला. चांगला बोलला, असं वर्षा नंतर म्हणाली. हात जोडून बोलला. मीच मूर्ख, मीच शिकून अडाणी, असंही म्हणाला. कायदा सांगितला, सजा सांगितली, आणि ते सांगताना त्याची भाषा परिपत्रकातली झाली हे त्यालाही कळलं. कुणी वाद घातला नाही. उलट घातला असता तर बरं झालं असतं. "तुमी म्हणता तर तसाच असंल, साहेब," काळ्या नम्रपणे म्हणाला. "तुमची बहीण. तुमाला जास्ती ठावं." आणि मग शेजारची चंद्रकला, सोमीच्या ओट्यावर नातीला मांडीत घेऊन बसलेली म्हातारी, गोड आवाजात म्हणाली, "सोमे, भाऊ इतक्या वर्सांनी दारात आला. त्याला पाणी तरी दे."

भुताळी म्हटलेल्या बाईच्या हातचं पाणी भाऊ पितो का, तेच आता सगळे बघत होते. आपण काय बोललो त्याला शून्य किंमत होती आणि खरी गोष्ट आत्ता सुरू झालीय, हे देवानंदच्या लक्षात आलं. सोमी आत गेली. तांब्या हंड्यावर आपटल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, उंबरा ओलांडून, पदर डोक्यावर नीट घेऊन, आणि दोन्ही हातांनी तांब्या त्याच्यापुढं धरला. त्याला सगळं ठाऊक होतं. पुडी कसली होती ते ठाऊक होतं, आई ठाऊक होती, पोशी ठाऊक होती. हे पाणी आपण गटागटा पिऊन टाकलं की संपलं, दुसरं काही करायला नको, हेही ठाऊक होतं. घसा कोरडा पडला होता, प्यायचंच होतं त्याला. त्यानं हात उचलला, आणि हात मध्येच थांबला. त्यानं थांबवला नव्हता. आईची शपथ घेऊन त्यानं सांगितलं असतं की त्यानं तो थांबवला नव्हता. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, फार तर एक श्वास. पण तेवढ्यात त्याची नजर तांब्यात जाऊन आली होती.

सोमीनं ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, रडूही आलं नाही. तिनं तांब्या मागं घेतला, आपल्या तोंडाला लावला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरून अर्धा रिकामा केला, पदरानं काठ पुसला आणि पुन्हा त्याच्यापुढं धरला. "घे, भाऊ," ती म्हणाली. "आता पी." तो प्याला. हिसकावून घेतल्यासारखा तांब्या घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याला, शर्टाच्या पुढच्या बाजूवर ओघळ येईपर्यंत. तांब्या खाली केला तेव्हा अंगणातली बायामाणसं एकेक करून उठायला लागली होती, आणि चंद्रकला नातीचा दंड धरून तिला सोमीच्या ओट्यावरून खाली ओढत होती.